परत गेलेली सतरा माणसं

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सकाळची शांतता मोडली. ती जागची हलली नाही. हातातल्या फोनवरचं तिनं दुसऱ्यांदा वाचायला घेतलं होतं. दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, तेव्हा कुठे तिचा हात बटणाकडे गेला.

तिच्या कर सल्ल्याच्या ऑफिसला कुणीतरी पाचापैकी एक स्टार दिला होता. खाली लिहिलं होतं की घरातलं माणूस गेल्यावर त्याचा शेवटचा रिटर्न भरून देतो अशी हे लोक जाहिरात करतात, माझ्या आईच्या कामासाठी मी लिहिलं, तर ‘सध्या आम्ही ही कामं घेत नाही’ असं उत्तर आलं. घ्यायची नव्हती तर माणसाला आशा कशाला लावायची?

असं उत्तर तिनं कुणालाही पाठवलेलं नव्हतं. मुळात त्या बाईंची विचारणाच तिच्यापर्यंत आली नव्हती.

ऑफिस म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक मोठं टेबल, कॉम्प्युटर, समोर दोन खुर्च्या, कोपऱ्यात लेकीचं बुटकं टेबल. जुनं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तिथे नवरा माणसं सांभाळायचा आणि ती आकडे. नवऱ्याला जाऊन अकरा महिने झाले. त्याच्यामागे त्याची माणसंही एकेक करून पांगली. काही सांगून, बरीचशी न सांगता. मग ती, तिचे सासरे नाना आणि सहा वर्षांची बिट्टी या लहान घरात आले. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आणि हा धंदा तर सगळा ओळखीवर चालणारा. म्हणून तिनं वेबसाइट केली, नकाशावर ऑफिसची खूण टाकली, कोपऱ्यावरच्या जाहिरातवाल्याकडून पानं बनवून घेतली. नोकरदारांसाठी, दुकानदारांसाठी, निवृत्तांसाठी एकेक. चौथं मात्र तिनं स्वतः लिहिलं: ‘घरातलं माणूस गेल्यावर’. गेलेल्या माणसाचाही एक शेवटचा रिटर्न असतो आणि तो वारसानं भरायचा असतो, हे घरच्यांना बहुतेक वेळा नोटीस आल्यावर कळतं. त्या कामाला कुणी हौसेनं हात लावत नाही. ती लावणार होती.

नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेल्या असिस्टंटनं आता स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. उरलेली माणसं मी घेतो, वहिनी, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या, असं त्यानं सुचवलं होतं. महिनाअखेर तिला हो किंवा नाही सांगायचं होतं. नवी माणसं आली तर नवऱ्याच्या नावाची पाटी दारावर राहणार होती, नाहीतर ती उतरवायला स्क्रू-ड्रायव्हर तिलाच शोधावा लागणार होता.

तिनं त्या बाईंना माफी मागून लिहिलं, आलेलं उत्तर जरा मला दाखवता का.

तेवढ्यात बिट्टी एका बाजूची वेणी सोडलेली, एक घातलेली, अशी समोर येऊन उभी राहिली आणि रोजच्यासारखं विचारती झाली, हंगाम कधी संपतो. आई म्हणाली, अजून महिना आहे गं. बिट्टीनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि पाठ वळवून रिबिन पुढे केली.

रिटर्नच्या हंगामात बाबा घरी नसतात, हे बिट्टीला रांगत होती तेव्हापासून माहीत. तो गेला तेव्हा बिट्टी आत्याकडे होती. परत आल्यावर तिनं विचारलं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं की बाबा मोठ्या ऑफिसात कामाला गेलेत, हंगाम आहे ना. मग मुदतवाढ मिळाली म्हणून. मग उशिरा भरणाऱ्यांचे रिटर्न म्हणून. मग नोटिसांची उत्तरं द्यायचीत म्हणून. आता नवा हंगामच उजाडला होता.

फोन वाजला. त्या बाईंनी उत्तराचा फोटो पाठवला होता. तिनं पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला आणि तिच्या हातातली रिबिन सुटली.

उत्तर तिच्याच ऑफिसच्या मेलवरून गेलं होतं. खाली तिच्याच ऑफिसचं नाव होतं. आणि शेवटच्या ओळीत, ‘आपण पुढील गृहस्थांकडे जावे’ म्हणून असिस्टंटचा पत्ता दिलेला होता.

२

जाहिरातवाला लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि लोकांच्या वेबसाइट एकाच टेबलावर करायचा. तिला पाहून त्यानं खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि आधीच हात वर केले. त्याचं म्हणणं, पान चोख चालतंय. चोख म्हणजे काय, बाकीची तीन एकत्र केली तरी एवढी माणसं तिकडे जात नाहीत.

"वहिनी, लोक माझ्याकडे येऊन म्हणतात हसऱ्या माणसांचे फोटो टाका. तुमचं रडकं पान सगळ्यांच्या पुढे पळतंय. आता माझ्या धंद्याचं मी काय करू?"

एरवी ती हसली असती. तिनं फोनवरचं ते उत्तर त्याला दाखवलं आणि विचारलं की पान एवढं चालतंय, तर महिन्याभरात तिच्याकडे त्यावरून दोनच माणसं कशी आली. एक परदेशात राहणारा मुलगा, ज्याचे वडील इथे वारले होते. त्याचं सगळं काम फोनवर झालं. दुसऱ्या एक आजी, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे ती स्वतः कागद घेऊन गेली होती.

जाहिरातवाल्यानं आकडे उघडले आणि त्याचा चेहरा उतरला. फॉर्म भरून पाठवणारे एकोणीस होते. सगळे तिच्या मेलवर पोचले होते. म्हणजे सतरा माणसं तिच्या टेबलापर्यंत आली होती आणि तिथून कुणीतरी त्यांना परत पाठवून मागचं पुसून टाकलं होतं.

पासवर्ड कुणाकुणाला माहीत, असं तिनं त्याच्यावर डोळे रोखून विचारलं. तो दुखावला. म्हणाला, मला माहीत आहे, पण मी ते पान बुडवून काय मिळवणार, तुमच्याच पानाचा नमुना दाखवून मी तीन गिऱ्हाइकं केली. खरंही होतं. त्या पानाच्या सुरुवातीला स्वतःबद्दल दोन ओळी टाका, हा सल्लाही त्याचाच. तिनं आठ दिवस टाळलं आणि मग एका बैठकीत लिहिलं: ‘हे पान लिहिणारीचा नवरा गेल्या वर्षी गेला. कोणत्या खिडकीवर काय विचारतात आणि तेव्हा काय वाटतं, ते तिला माहीत आहे.’ त्या दोन ओळींनी माणसं येत होती.

निघताना त्यानं एकोणीस जणांची यादी, प्रत्येकानं फॉर्मात लिहिलेल्या मजकुरासकट, छापून दिली. ती दारात पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, एक विचारू का, तुमचं आणि तुमच्या त्या असिस्टंटचं काही बिनसलंय का.

३

असिस्टंटच्या ऑफिसात नव्या रंगाचा वास होता. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, बिट्टीची, नानांची विचारपूस केली. ती बसली नाही. उभ्याउभ्या तिनं यादी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, महिनाअखेरपर्यंतही धीर नाही का तुला.

तो यादी वाचत गेला. त्यातली सात नावं त्याच्या ओळखीची होती. आली होती, म्हणाला, पण मला वाटलं तुम्हीच पाठवलीत. तुम्हाला ती कामं करवत नसतील, असं समजून मी गप्प राहिलो. विचारलं असतं तर तुम्हाला लागलं असतं.

मग त्यानं स्वतःला आलेलं एक पत्र दाखवलं. तिच्याच मेलवरून. त्यात एकेका माणसाची टिपणं होती. या बाईंना ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं. या गृहस्थांचा मुलगा अपघातात गेला, कारण विचारू नये. लोकांना पाठवलेल्या उत्तरांच्या प्रतीही सोबत होत्या. ती पहिल्यांदाच पूर्ण उत्तर वाचत होती, कारण चिडलेल्या बाईंनी वरचा आणि खालचा तुकडाच पाठवला होता.

‘आपल्या मातोश्रींच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. मृत्यूचा मूळ दाखला कोणी मागितला तरी हातातून सोडू नये, प्रत द्यावी. बँकेत सकाळी लवकर जावे, दुपारी बसायला जागा नसते. सोबत कोणाला तरी न्यावे. एकट्याने नाव पुकारलेले ऐकवत नाही.’

असिस्टंट म्हणाला की गिऱ्हाईक पळवणारा माणूस असली पत्रं लिहीत नाही. आणि सातातले तीन मी दुसरीकडे पाठवले, मला ते झेपणारे नव्हते. बाकीच्यांच्या पत्रांत आणखी दोघा सल्लागारांचे पत्ते आहेत, ते पाहा. त्या दोघांचा माझ्याशी काय संबंध?

ती खुर्चीत बसली. राग जिरला होता आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नव्हतं. त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणून विचारलं, दादांचा रिटर्न भरलात का, वहिनी. तिनं मान हलवली. नव्हता भरला. सगळ्या जगाला भरून देते म्हणणारीचा घरचाच राहिला होता.

"मग मी काय समजायचं? तुम्हाला ही माणसं समोर नकोत, एवढंच ना?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. समोर नकोत. पण दोन जण तर तिच्यापर्यंत आले होते.

४

घरी येऊन तिनं यादी टेबलावर पसरली. आकडे जुळेनासे झाले की नवरा म्हणायचा, चुकलेले बघत बसू नकोस, बरोबर आलेले का बरोबर आले ते बघ. ती सतरांना सोडून त्या दोघांकडे पाहू लागली.

परदेशातला मुलगा. अंथरुणातल्या आजी. त्यांची दुःखं काही हलकी नव्हती. आजी तर तिचा हात धरून तासभर रडल्या होत्या. तेव्हा हे करणारा तिला रडण्यापासून वाचवत होता, हा असिस्टंटच्या बोलण्यावरून निघणारा अंदाज टिकत नव्हता. काम बुडवायचं असतं तर दोघंही गेले असते. मग या दोघांत असं काय होतं जे सतरांत नव्हतं?

खरं तर उलटं होतं. सतरांनी एक गोष्ट लिहिली होती जी या दोघांनी लिहिली नव्हती. प्रत्येकानं या ना त्या शब्दांत विचारलं होतं, तुमच्या ऑफिसात केव्हा येऊ? या दोघांना यायचंच नव्हतं.

म्हणजे कामाला हरकत नव्हती. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यालाही नव्हती. हरकत होती ती फक्त त्या माणसांनी या खोलीत, या दोन खुर्च्यांवर येऊन बसण्याला.

असिस्टंटनं छापून दिलेल्या उत्तरांच्या वेळा तिनं पाहिल्या. साडेबारा ते दोन. शनिवार-रविवार एकही नाही. साडेबाराला ती बिट्टीला शाळेतून आणायला निघते, येताना भाजी, औषधं, बँक उरकते. दोनला परत येते, दिवसाची मेल तेव्हाच एकदा उघडते, शनिवार-रविवार तीही नाही. मग बिट्टी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलावर चित्रं काढत बसते. येणाऱ्या प्रत्येकाला खुर्ची ओढून देते आणि न विचारता सांगते की हंगाम संपला की माझे बाबा येणार.

दुकानदार हसून बरं म्हणतात. नोकरदार तिच्या गालाला हात लावतात. त्यांना काही माहीत नसतं.

पण चौथ्या पानावरून आलेल्या माणसाला माहीत असतं. पानाच्या पहिल्याच ओळीत तिनं ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. साऱ्या दुनियेला वाचता येईल असं.

आतल्या खोलीत नानांची काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. साडेबारा ते दोन या टेबलाशी नाना बसायचे. फोन आला तर निरोप घ्यायचे, एवढंच काम. नानांचं आणि कॉम्प्युटरचं पटत नाही, असा घरात समज होता. पण तीस वर्षं त्यांनी एका ऑफिसच्या आवक-जावक खात्यात काढली होती, त्यातली शेवटची काही कॉम्प्युटरवरच. पत्राला उत्तर न देणं त्यांना जमलंच नसतं. आणि मुलाच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन खिडक्यांपुढे कोण उभं राहिलं होतं? पानावर लिहिलं काहीही असो, तिला तेव्हा अंथरुणातून उठवत नव्हतं. तिनं एकट्या नानांना पाठवलं होतं.

५

तिनं ती पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाकारलं नाही. महिन्यापूर्वी दुकानाच्या रिटर्नसाठी एक गृहस्थ आले होते, पण त्यांनी तुझं चौथं पानही वाचलेलं, ते सांगू लागले. तू आत कागद काढायला गेली होतीस. बिट्टीनं खुर्ची दिली आणि तिचं ते हंगामाचं सांगितलं. त्या भल्या माणसानं तिला जवळ ओढलं आणि म्हणाला, बाळ, तुला कुणी सांगितलं नाही का? मी टेबलावरचा पेला मुद्दाम पाडला. काच वेचता वेचता ती विसरली. पण दर वेळी काय पाडणार?

तिनं विचारलं की मला का नाही सांगितलं.

"तुला काय सांगायचं होतं, सूनबाई? तुला ठाऊक नव्हतं का काही?"

नानांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तिला जास्त लागत होतं. ते म्हणाले, तू ठरवलंस हंगाम संपेपर्यंत, मी हो म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती विचारते तेव्हा मी चष्मा पुसतो. आता पोर अक्षरं लावायला लागलीय. परवा तुझ्या स्क्रीनवर बोट ठेवून ‘घ-रा-त-लं’ एवढं वाचलंन, मी तो बंदच केला. तुझं नुकसान करायचं नव्हतं मला. त्याची पाटी उतरलेली मला बघवेल का? पण पाटी की पोर, असं झालं तर मी काय करू?

मग त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"अकरा महिने झाले. माझा मुलगा गेला आणि मला या घरात एकदा मोठ्यानं रडता आलेलं नाही. तिला कळेल म्हणून. त्या सतरा जणांना लिहिताना तेवढं बोलून घेतलं मी."

शोध लागला होता आणि तो तिच्यापाशीच येऊन थांबला होता. माणसं परत पाठवली होती नानांनी, पण दाराशी ते खोटं तिनं उभं केलं होतं. ते हटल्याशिवाय त्या खुर्च्यांवर कुणाला बसवता येणार नव्हतं. तिनं नानांच्या पायाशी बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी हात ठेवला. दोघंही रडली नाहीत; तशी सवयच मोडली होती.

मग उठून तिनं पहिल्यांदा असिस्टंटला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याच्याकडे न अडकलेल्या सगळ्यांना लिहिलं की चूक आमची होती, दार उघडं आहे, कधीही या. त्या स्टारवाल्या बाईंचं उत्तर लगेच आलं: उद्या चारला जमेल, नोकरीमुळे सकाळी येता येत नाही. चारला बिट्टी खोलीत असते. तरी तिनं लिहिलं, जरूर या.

आता तिच्या हातात आजची दुपार होती.

६

शाळेतून आल्यावर बिट्टीचं जेवण झालं, हात धुऊन झाले, चित्राची वही निघाली. आई बुटक्या टेबलाशी जमिनीवर बसली. नाना दारात उभे राहिले, आतही नाही, बाहेरही नाही.

वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. ती म्हणाली की बाबा मोठ्या ऑफिसात नाहीयेत. ते कामाला गेलेलेच नव्हते, मी तुला खोटं सांगितलं. बाबा अचानक खूप आजारी पडले. डॉक्टरांनी प्रयत्न केले, त्यांना बरं करता आलं नाही. ते आता जिवंत नाहीत. हंगाम संपला तरी ते येणार नाहीत.

बिट्टीनं हातातल्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. रडली नाही. दारातून एक आवाज आला, जड फर्निचर ओढल्यासारखा. नाना रडत होते, अकरा महिन्यांचं, तोंडाला काही न लावता. बिट्टीनं मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना असं करताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"नानांना माहीत होतं?"

"हो."

"आत्याला?"

"हो."

"आमच्या बाईंना?"

तिनं मान हलवली. शाळेत तर पहिल्याच दिवशी सांगावं लागलं होतं.

"आणि ते तुझ्या कॉम्प्युटरवरचे लोक येतात, त्यांना?"

"त्यांनाही. सगळ्यांना माहीत होतं, बिट्टू. तुला मी सांगितलं नव्हतं. मला सांगता येत नव्हतं."

बिट्टीनं पेन वहीवर ठेवलं, घरंगळलं तसं धरलं. कुणाकुणाला माहीत होतं त्यांना ती मनातल्या मनात एका रांगेत उभं करत असावी. कपाळाला बारीक आठी होती, तिच्या बाबाच्या कपाळाला असायची तशी. सगळे उभे करून झाले तरी कुणीतरी एक राहत होतं. तिनं आईच्या हनुवटीला हात लावून चेहरा आपल्याकडे वळवला.

"मला तू सांगितलंस. मग बाबांना कुणी सांगितलं?"